मॅसॅच्युसेट्समध्ये क्रॉसबोचा परवाना काढताना

मॅसॅच्युसेट्समध्ये क्रॉसबोने, म्हणजे बंदुकीसारखा दस्ता आणि चाप असलेल्या आडव्या धनुष्याने, हरणाची शिकार करायची असेल तर नुसतं शिकारीचं लायसन्स पुरत नाही. कायमच्या अपंगत्वामुळे साधं धनुष्य वापरता येत नाही, असं डॉक्टरांकडून लिहून आणावं लागतं आणि त्यावर राज्याचा वेगळा परवाना घ्यावा लागतो. मला तो सप्टेंबर 2024 मध्ये मिळाला. माहिती शोधायला लागले तेव्हा मराठीत काही असेल अशी अपेक्षा नव्हतीच, पण इंग्रजीतही सगळं एका जागी सापडलं नाही. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा, आणि एका राज्यातला अनुभव दुसऱ्या राज्यात जसाच्या तसा लागू पडत नाही. म्हणून जे घडलं ते क्रमाने लिहून ठेवते आहे.

आधी हाताबद्दल. 2008 साली पुण्यात कर्वे रस्त्यावर माझ्या स्कूटरला अपघात झाला. डावा खांदा रस्त्यावर आपटला, मान उजवीकडे जोरात ताणली गेली आणि मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचा जो जुडगा असतो, ब्रेकियल प्लेक्सस, त्याच्या वरच्या नसा तुटल्या. दुचाकीच्या अपघातांत आपल्याकडे ही दुखापत बरीच दिसते. काही महिन्यांनी नसांची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर कोपर हळूहळू वाकायला लागलं. बोटं पहिल्यापासून चालत होती. खांदा मात्र उचलला जात नाही, आणि आता तो उचलला जाणारही नाही. म्हणजे डाव्या हाताने मी पिशवी धरू शकते, टाइप करू शकते, पण तो हात समोर ताठ धरून ठेवू शकत नाही. धनुष्याला नेमकं तेच लागतं.

2015 मध्ये आम्ही न्यू जर्सीत आलो. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने पहिल्यांदा हरणाचं मटण खायला दिलं, मग त्याच्याबरोबर जंगलात नुसती बसायला गेले, आणि पुढच्या वर्षी धनुष्य-शिकारीचा कोर्स केला. न्यू जर्सीने 2009 पासून धनुष्याच्या हंगामात क्रॉसबो सगळ्यांना खुला केला आहे. त्यामुळे तिथे माझ्या हाताबद्दल कोणी विचारलंच नाही. कोर्स, लायसन्स, परमिट, झालं. दुकानात एका वयस्क गृहस्थांनी मला क्रँकचा क्रॉसबो दाखवला. क्रॉसबोची दोरी ओढायला दीडशे-दोनशे पौंडांचा जोर लागतो, पण क्रँकची मूठ उजव्या हाताने फिरवत राहिलं की ती आपोआप मागे येऊन अडकते. ट्रायपॉडवर ठेवला की डाव्या हाताला फक्त तो स्थिर ठेवायचं काम उरतं. क्रँक आणि दुर्बीण धरून साधारण नऊशे डॉलर गेले. स्वस्तातले क्रॉसबो आहेत, पण एका हाताच्या माणसाने क्रँकवर पैसे वाचवू नयेत असं माझं ठाम मत आहे.

ऑक्टोबर 2023 मध्ये नोकरीमुळे मॅसॅच्युसेट्सला आलो. सामान लावून झाल्यावर राज्याची शिकारीची पुस्तिका वाचायला घेतली आणि क्रॉसबोच्या ओळीवर थांबले: फक्त परवानाधारक अपंग व्यक्तींसाठी. तो हंगाम गेला. क्रॉसबो कपाटात राहिला. मला त्या हिवाळ्यात फार चुटपुट लागली होती. शिकार हुकली एवढंच कारण नव्हतं. न्यू जर्सीत मी इतरांसारखीच एक शिकारी होते, आणि इथे तेच करायला आधी मी काय करू शकत नाही हे सिद्ध करायचं होतं.

त्या हिवाळ्यात बाकीच्या राज्यांचे नियमही वाचून काढले, कारण पुन्हा कुठे बदली झाली तर काय, हा प्रश्न डोक्यात होता. पेनसिल्व्हेनियाने 2009 पासून आणि शेजारच्या कनेक्टिकटने 2013 पासून क्रॉसबो सगळ्यांना दिला आहे. ओहायोत तर तो कित्येक वर्षांपासून चालतो. कोलोरॅडोत बंदुकीच्या हंगामात क्रॉसबो चालतो, पण धनुष्याच्या हंगामात वापरायचा तर अपंगत्वाच्या कारणावरून खास सवलत मागावी लागते. आयडाहोतही केवळ धनुष्यासाठी राखलेल्या हंगामात असाच परवाना लागतो. न्यूयॉर्कने 2014 साली क्रॉसबोला परवानगी दिली ती धनुष्याच्या हंगामाच्या शेवटच्या टप्प्यापुरती. तिथे ज्यांचे हात मुळीच चालत नाहीत त्यांच्यासाठी एक वेगळाच परवाना आहे: क्रॉसबो तिवईवर किंवा व्हीलचेअरला बसवायचा आणि तोंडातल्या नळीत फुंकून बोल्ट, म्हणजे क्रॉसबोचा आखूड बाण, सोडायचा. हे वाचून मी बराच वेळ त्या पानावर थांबले होते. कोणीतरी बसून एवढा विचार केला, त्याचा नियम केला, याचं मला मनापासून बरं वाटलं. आणि ऑरेगॉनमध्ये शिकारीला क्रॉसबो मुळातच चालत नाही.

मॅसॅच्युसेट्समध्ये ऑक्टोबरच्या शेवटी-नोव्हेंबरच्या सुरुवातीला तीन दिवसांची एक खास शिकार असते, कमरेखाली अर्धांगवायू झालेल्यांसाठी. ती माझ्यासाठी नव्हती. पण तुमच्या ओळखीत कोणी व्हीलचेअरवर असेल तर तिची जरूर चौकशी करा.

फेब्रुवारी 2024 मध्ये कामाला लागले. पहिली अडचण डॉक्टरांची. राज्य नवं, त्यामुळे फॅमिली डॉक्टर नवे, आणि नव्या पेशंटला वेळ मिळायलाच मे उजाडला. तुम्हाला ऑक्टोबरात जंगलात जायचं असेल तर डॉक्टरांची वेळ जानेवारीतच मागून ठेवा. मधल्या काळात भावाला पुण्यात कामाला लावलं. त्याने कपाटातली जुनी फाइल काढून 2008 चा डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेच्या नोंदी आणि ईएमजीचे, म्हणजे स्नायू-नसांच्या तपासणीचे, रिपोर्ट स्कॅन करून पाठवले. आपल्याकडचे हॉस्पिटलचे कागद इंग्रजीत असतात, त्यामुळे भाषांतराचा प्रश्न आला नाही. फाइलमध्ये सरकारी रुग्णालयाने दिलेला अपंगत्वाचा दाखलाही होता. तो मी दाखवला, पण त्याचा उपयोग फक्त दुखापत जुनी आहे हे दिसण्यापुरता. भारतात सगळं टक्क्यांवर चालतं, 40 टक्के ओलांडले की सवलती सुरू होतात. इथे टक्केवारीला अर्थ नव्हता. साधं धनुष्य चालवता येतं की नाही, आणि ती स्थिती कायमची आहे की नाही, एवढंच बघायचं होतं.

हा फरक डॉक्टरांना समजावून सांगण्यात बराच वेळ गेला. नवे डॉक्टर सज्जन होते, पण त्यांनी आयुष्यात धनुष्य हातात धरलेलं नव्हतं. त्यांनी लिहून दिलेल्या पहिल्या मसुद्यात ‘डाव्या हाताच्या हालचालींवर मर्यादा’ एवढंच होतं. एवढ्याने कोणालाच काही कळलं नसतं. मी तो मसुदा पुढे न पाठवता त्यांच्याकडून न्यूरॉलॉजिस्ट आणि फिजिओथेरपिस्टकडे जायची चिठ्ठी घेतली.

फिजिओथेरपिस्टने कामाची गोष्ट केली. मॅसॅच्युसेट्सच्या नियमात शिकारीच्या धनुष्याची ताकद 28 इंच ओढीला किमान 40 पौंड असावी असं आहे. मी तो नियम छापून नेला होता. तिने तो वाचला, मला उभं केलं, डावा हात हळूच धरून खांद्याच्या उंचीला आणला आणि सोडला. तो लगेच खाली पडला. मग उजव्या खांद्यावर पट्टा लावून उलट प्रयत्न केला, म्हणजे डाव्या हाताने दोरी ओढायची. कोपर थोडं वाकलं आणि थांबलं. हातात धरायच्या छोट्या यंत्रावर तिने प्रत्येक स्नायूचा जोर मोजला आणि पाचापैकी गुण लिहिले: कोपर वाकवण्याला तीन, खांदा उचलण्याला एक. एवढ्या वर्षांनी तो एकचा आकडा कागदावर बघताना घसा दाटून आला होता. आपला हात कसा आहे हे आपल्याला रोज माहीत असतं, तरी कोणी तो मोजून लिहिला की वेगळं वाटतं.

जुलैत न्यूरॉलॉजिस्टकडे नवीन ईएमजी झाली. सुया टोचून स्नायूंतली वीज बघतात, दुखतं, पण अर्ध्या-पाऊण तासात आटोपतं. विमा धरून त्याचे खिशातून दोनशेच्या आसपास डॉलर गेले, दोन्ही डॉक्टर आणि फिजिओचे को-पे, म्हणजे विमा असूनही प्रत्येक भेटीला आपण भरायची रक्कम, मिळून आणखी दीडशेच्या घरात. या सगळ्या प्रक्रियेतला खरा खर्च हाच आहे.

शेवटी जे पत्र आणि फॉर्म तयार झाला त्यात काय होतं ते सविस्तर सांगते, कारण अर्ज यावरच उभा राहतो. दुखापतीचं नाव आणि साल. शस्त्रक्रिया झाली आहे आणि आणखी सुधारणेची अपेक्षा नाही, म्हणजे स्थिती कायमची आहे, हे सरळ वाक्यात. स्नायूंच्या जोराचे गुण. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पेशंट 40 पौंडांचं धनुष्य समोर धरू शकत नाही, ओढू शकत नाही आणि ओढलेलं रोखून ठेवू शकत नाही, हे तीन वेगवेगळे उल्लेख. डॉक्टरांना आजाराचं नाव लिहायची सवय असते. तुम्ही त्यांना धनुष्य कसं चालतं ते सांगा, जमलं तर छोटासा व्हिडिओ दाखवा. मी तेच केलं, आणि न्यूरॉलॉजिस्टने तिथल्या तिथे दोन ओळी वाढवल्या.

ऑगस्टच्या सुरुवातीला मासवाइल्डलाइफकडे, म्हणजे राज्याच्या वन्यजीव खात्याकडे, अर्ज गेला. सगळ्या कागदांच्या प्रती स्वतःकडे ठेवल्या. त्यानंतर वाट बघणं. याच दरम्यान पॅरिसची पॅरालिम्पिक सुरू झाली आणि शीतल देवीने राकेश कुमारबरोबर मिश्र सांघिक तिरंदाजीत कांस्यपदक मिळवलं. दोन्ही हात नसलेली ती मुलगी पायाने धनुष्य धरते आणि खांद्याने दोरी ओढते. सगळ्या नातेवाइकांनी मला तो व्हिडिओ पाठवला. एका मावसभावाने लिहिलं, “ताई, ती पायाने मारते, तू हाताने का नाही?” त्याच्या मनात वाईट नव्हतं, तरी लागलंच. शीतल देवीचा मला अतोनात अभिमान आहे. पण तिच्यामागे कसून केलेली तालीम आणि कसबी प्रशिक्षक आहेत, आणि तिच्यासमोर कागदाचं लक्ष्य असतं. माझ्यासमोर जिवंत प्राणी असणार. तिथे नेम चुकला तर तो जखमी होऊन जंगलात तडफडत राहतो. जे हत्यार मला खात्रीने चालवता येतं तेच मी वापरलं पाहिजे. मावसभावाला हे सगळं फोनवर सांगितलं, त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “अगं, हे माझ्या लक्षातच आलं नाही.”

बाकीची कामं अर्जाची वाट न बघता आधीच करून ठेवली होती. न्यू जर्सीचा कोर्सचा दाखला इथे चालला, पुन्हा कोर्स करावा लागला नाही. लायसन्स आणि त्याला जोडून घ्यायचे वाइल्डलँड्स स्टॅम्प आणि आर्चरी (धनुष्य-शिकारीचा) स्टॅम्प हे सगळं मासफिशहंट या सरकारी पोर्टलवर मिळतं, पन्नासएक डॉलरमध्ये काम होतं. लायसन्स 1 जानेवारी ते 31 डिसेंबर असं चालतं, घेतल्या तारखेपासून वर्षभर नव्हे. मादी मारायची असेल तर वेगळं परमिट लागतं आणि त्याचा अर्ज 16 जुलैच्या आत करावा लागतो. ही तारीख क्रॉसबोच्या परवान्यासाठी थांबत नाही. परवाना हातात नसतानाही तो अर्ज करून टाका. ऑगस्टमध्ये पुन्हा पोर्टलवर जाऊन बघितलं तर दहाव्या झोनचं, म्हणजे शिकारीसाठी राज्याचे जे विभाग पाडले आहेत त्यातल्या दहाव्याचं, परमिट मला लागलं होतं.

सप्टेंबरच्या मध्याला, साधारण सहा आठवड्यांनी, परवाना आला. शिकारीला जाताना लायसन्सबरोबर तो अंगावर हवाच. मी दोन्ही प्लास्टिकच्या पाकिटात घालून जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवते.

पूर्वेकडच्या झोनमध्ये, म्हणजे 10 ते 14 मध्ये, धनुष्याचा हंगाम बाकी राज्यापेक्षा दोन आठवडे आधी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला उघडतो. याला कारण आहे. इथे हरणं फार झाली आहेत. दर चौरस मैलात 12 ते 18 हरणं असावीत असं खात्याचं उद्दिष्ट आहे, पण बोस्टनच्या आसपास घरांची दाटी, शिकारीला जागा कमी, लांडगे कधीच संपले, त्यामुळे हरणांनी हा आकडा कित्येक ठिकाणी ओलांडला आहे. जंगलात नवीन रोपं उगवली की हरणं ती खाऊन टाकतात. बोस्टनला लागून असलेल्या ब्लू हिल्समध्ये याच कारणासाठी 2015 पासून राज्य स्वतः नियंत्रित शिकार घडवून आणतं.

जागा शोधणं हे मला परवान्याइतकंच अवघड गेलं. कोणाच्या राहत्या घरापासून 500 फुटांच्या आत परवानगीशिवाय शिकार करता येत नाही, आणि डांबरी रस्त्यापासून 150 फूट लांब राहावं लागतं. आमच्या भागात नकाशावर ही वर्तुळं काढली की फारच थोडं हिरवं उरतं. शेवटी सफरचंदाच्या बागेच्या एका मालकाने लेखी परवानगी दिली, हरणं त्याची कलमं ओरबाडत होती म्हणून. न्यू जर्सीत मका टाकून हरणांना बोलावता येतं, इथे आमिष टाकायला बंदी आहे, तेव्हा बागेच्या कडेने हरणांच्या जाण्यायेण्याच्या वाटा आधीच बघून ठेवल्या. झाडावर चढून बसणं मला शक्य नाही. मी जमिनीवर ग्राउंड ब्लाइंड लावते, झाडीच्या रंगाचा छोटा तंबू असतो तो. आत घडीची खुर्ची, ट्रायपॉड, आणि क्रँकची मूठ उजव्या हाताला लागेल अशी. गोचिडांसाठी कपड्यांवर आदल्या दिवशी परमेथ्रिन हे कीटकनाशक मारून पूर्ण वाळवायचं. इथे लाइमचा आजार घरोघरी ऐकू येतो, ही काळजी टाळू नका.

एक सूचना सुरक्षिततेची. क्रॉसबो धरताना डाव्या हाताचा अंगठा दोरीच्या वाटेत वर येता कामा नये. माझ्यासारख्यांना त्या हाताचा नीट अंदाज येत नाही, म्हणून मी डावा तळवा पट्ट्याने ट्रायपॉडच्या दांड्यालाच अडकवते. आणि शिकार झाली नाही तर शेवटी चढवलेला बोल्ट सरावाच्या पोत्यात मारून मगच घरी निघायचं. दोरी रिकामी सोडली तर क्रॉसबो फुटू शकतो.

पहिले काही दिवस खारी आणि टर्की सोडून काही दिसलं नाही. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, एका सकाळी, सूर्य वर यायच्या थोडं आधी, एक मादी बागेच्या दगडी बांधावरून उतरून आली. वीस-बावीस यार्डांवर आडवी उभी राहिली. सेफ्टी, म्हणजे चाप अडवून ठेवणारी कळ, सरकवताना बारीकसा टक आवाज झाला आणि तिने कान फिरवले. मी थांबले. तिने मान खाली घातली तेव्हा सोडलं. ती पन्नासएक पावलं पळाली आणि पडली. नियमाने अर्धा तास तशीच बसून राहिले, हात थरथरत होते. मग जाऊन तिच्या मानेवर हात ठेवला, ऊब होती अजून. शिकारीची नोंद दाखवणारा टॅग लावला. ओढून न्यायला बागेचा मालक आणि त्याचा मुलगा आले, प्लास्टिकच्या घसरगाडीवर घालून. एका हाताने हे होत नाही, मदतीचा माणूस आधीच ठरवून ठेवा. 48 तासांच्या आत नोंद करावी लागते, ती मी त्याच दुपारी पोर्टलवर केली.

आईला रात्री सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “अगं, हरीण मारलेलं चालतं तिकडे?” आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली, आणि ती व्हायलाच हवी होती, कारण जनावरं संपत चालली होती. इथे परिस्थिती उलटी आहे हे मी तिला सांगितलं. तिला पूर्ण पटलं असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने मेसेज करून विचारलं की मसाला कोणता घातला. कोल्हापुरी कांदा-लसूण मसालाच घातला होता. हरणाच्या मांसाला चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे तेल थोडं सढळ लागतं, आणि वरचा चंदेरी पापुद्रा सुरीने काढून टाकला नाही तर कुकरच्या कितीही शिट्ट्या घ्या, ते चिवट राहतं.

मी लिहिलेले नियम 2024 च्या हंगामाचे आहेत. अर्ज करण्याआधी त्या त्या वर्षीची राज्याची पुस्तिका बघाच. पुढच्या हंगामात कनेक्टिकटमध्ये मैत्रिणीच्या सासऱ्यांच्या जमिनीवर जायचा विचार आहे. तिथे क्रॉसबोसाठी डॉक्टरांचं पत्र लागत नाही. लागेल ते बाहेरच्या राज्यातल्या शिकाऱ्याचं लायसन्स, हरणाचं परमिट, धनुष्य-शिकारीच्या कोर्सचा दाखला आणि जमीनमालकाची लेखी संमती. संमतीचा फॉर्म त्यांनी भरून पाठवला आहे.